कुटुंबवत्सल

१४ जानेवारी

दादा,

फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्रही मधेच ठेवून देता येतं, पण निदान ते ठेवल्याचा आवाज मला येत नाही.

बाबांना मंगळवारी पॅरालिसिसचा झटका आला. जिवंत आहेत. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं गेलं. मी तुला 'ये' म्हणत नाहीये. आई म्हणाली कळव, म्हणून कळवते.

कसं झालं तेही सांगते, कारण दुसऱ्या कुणाकडून तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा त्याला तिखटमीठ लागलेलं असेल. सकाळी नेहमीसारखे चर्चमागच्या व्यायामाच्या शेडमध्ये होते. शाळेतून रिटायर झाल्यापासून सकाळचे दोन तास ते तिथेच असायचे. एकाला जमिनीवरून बार कसा उचलायचा ते दाखवत होते आणि मधेच बेंचवर बसले. काहीतरी बोलले. कुणालाच कळलं नाही, म्हणून पोरं हसली. साहेब गंमत करतायत असं वाटलं त्यांना. मग ते बेंचवरून एका बाजूला घसरले. तो वेल्डर तुला आठवत असेल, तेव्हा किडकिडीत होता, आता दोन मुलांचा बाप आहे. त्यानं एकट्यानं बाबांना उचललं आणि टेम्पोत घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये इतकी गर्दी झाली की नर्सनं विचारलं, हे कोण आहेत, पुढारी आहेत का? कुणीतरी म्हणालं, शिक्षक आहेत. कुणीतरी म्हणालं, आमचे पाळक आहेत. एक म्हणाला, यांच्या दंडाला मधल्या सुट्टीत आम्ही चौघं-चौघं लोंबकळायचो. डोक्याचा फोटो काढणारा माणूस बाबांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं मला बाजूला घेतलं आणि स्वतःचं कोपर धरून दाखवलं. "ताई, हा टेकू, हे बल, हा भार. सर डंबेल घेऊन वर्गात आले होते. तरफ मला आजही त्यांच्या हातातच दिसते." आणि रडायला लागला. मी त्याची समजूत घातली. रिपोर्ट कधी मिळेल ते विचारायचं राहून गेलं.

आई भिंतीला टेकून उभी होती. तिला बसायला जागा नव्हती. सगळ्या बाकांवर बाबांवर प्रेम करणारी माणसं बसली होती.

कळवलं. झालं.

चिंगी

३ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितेय, कारण दिवसभरात मी ज्यांच्याशी बोलते त्यातल्या एकाला बोलता येत नाही आणि दुसरी, म्हणजे आई, हल्ली बोलत नाही.

बाबांना घरी आणलंय. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय, तुझं टेबल होतं तिथे. पहिल्या आठवड्यात इतकी माणसं आली की घरात फळांचं दुकान टाकता आलं असतं. सगळे प्रार्थना करून गेले. दुसऱ्या आठवड्यात निम्मे आले. आता चर्चच्या मंडळीला नवा पाळक मिळालाय, तरुण आहे, गिटार वाजवतो. तो महिन्यातून एकदा येतो आणि घड्याळाकडे न बघण्याचा फार प्रयत्न करतो. शाळेतून एक कार्ड आलं, त्यावर सगळ्या शिक्षकांच्या सह्या. मुख्याध्यापकांची सही रबरी शिक्क्याची.

रोज येतो तो वेल्डर. सकाळी कामावर जायच्या आधी येतो, बाबांना कुशीवर वळवतो, चादर बदलायला मदत करतो. मला उचलायचं कसं तेही त्यानंच शिकवलं. "पाठीनं नाही, ताई, मांड्यांनी. छातीशी धरा आणि मग उठा." मी म्हटलं, हे कुठे शिकलास? तो बाबांकडे बघून म्हणाला, "यांनीच नाही का शिकवलं."

त्यांचं शरीर बघवत नाही. तुला आठवतं तसं काही उरलेलं नाही. दंड असा लोंबतो की बनियनला बाही फुटल्यासारखी वाटते. ते डाव्या हातानं उजवा हात उचलून बघतात, दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे राहिल्यासारखा, आणि परत ठेवतात. कपाटाच्या आरशासमोर सकाळी उघड्यानं उभं राहणारा माणूस. आई हसायची त्यांना, पाळक आहात की नट? परवा मी त्यांना खुर्चीत बसवून त्या आरशासमोरून नेत होते, तर त्यांनी डाव्या हातानं टॉवेल ओढून तोंडावर घेतला. आरशावर मी आता चादर टाकलीय.

दुकानातून मला अर्धा दिवस मिळतो. मालक चांगला आहे. मी सकाळी बाबांना पुसते आणि दुपारी चष्म्याच्या काचा घासते. काच निदान हलत नाही, ओरडत नाही, फ्रेममध्ये बसली की बसली.

एक गोष्ट सांगते. तू लांब आहेस, म्हणून तुलाच सांगते.

गेल्या गुरुवारी आई डोळे दाखवायला गेली होती. मी बाबांना आंघोळ घालत होते. त्यांनी डाव्या हातानं नळ धरला आणि सोडेचनात. साबण डोळ्यात गेला आणि ते ओरडायला लागले. शब्द नाही, नुसता आवाज. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बोटं सोडवायला गेले तर मनगट पिरगाळलं माझं. अजून जोर आहे त्या हातात. मी हात सोडवून घेतला. त्यांना त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत तसंच ठेवलं, ओलं, आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून गार भात खाल्ला. ते हाका मारत होते. मी सगळा भात संपवला, पाणी प्यायले, ताट विसळून ठेवलं. मग गेले. ते गारठले होते आणि माझ्याकडे असे बघत होते की ते घाबरले होते हे मला कळलं. मला घाबरले होते.

मग मी त्यांना पुसलं, कपडे घातले, सगळं नीट केलं.

हे आईला माहीत नाही. तुला सांगून मोकळी झाले. तू काही करू नकोस, नुसतं वाचलंस तरी पुरे.

चिंगी

१९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं. मी ते दुकानात वाचलं, गिऱ्हाईक नसताना.

तू लिहिलंयस, स्वतःला दोष देऊ नकोस. मी देत नव्हते. मी फक्त काय झालं ते सांगत होते. त्या दोन गोष्टींत फरक असतो, पण आपल्या घरात तो कुणाला शिकवलाच नाही.

नर्स ठेव, मी बघतो तिचं, असंही लिहिलंयस. नको. बाबा मला तसंही हल्ली 'सिस्टर' म्हणतात. थोडे शब्द परत आलेत, पण भलतेच येतात. पाणी हवं असेल तर 'खडू' म्हणतात. आईला 'बाई' म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणायचे तसं, अदबीनं. मला सिस्टर. म्हटलं, बरोबर आहे, कुणाची तरी आहेच मी.

पण प्रार्थना येते. प्रभूची प्रार्थना अडखळल्याशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात, त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा. डॉक्टर म्हणतात, पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं. मंडळीतले लोक म्हणतात, हा चमत्कार आहे. त्यांची प्रार्थना चालू झाली की आई उठून गॅस बंद आहे का ते बघायला जाते.

आणि तू लिहिलंयस, 'त्या रविवारी माझं काय झालं ते तुला काय माहीत, तू लहान होतीस.' चौदा वर्षांची होते. तिसऱ्या बाकावर, आईच्या शेजारी. मला काय दिसलं ते सांगू?

तू हॉस्पिटलमधून येऊन चार दिवस झाले होते. तोंड अजून पिवळं होतं. बाबांसारखं शरीर बाबांपेक्षा लवकर हवं म्हणून तू सुया टोचून घेत होतास आणि त्यात लिव्हर बिघडवून घेतलंस, हे आपल्या चौघांनाच माहीत होतं. तू ते बाबांना हॉस्पिटलच्या पलंगावर सांगितलंस. त्यांनी तुला जवळ घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

आणि रविवारी ते उपदेशाला उभे राहिले. विषय होता गर्व. पाच मिनिटं पवित्र शास्त्रातलं बोलले, मग थांबले आणि म्हणाले, "आज मी दुसऱ्या कुणाच्या घरातलं उदाहरण देणार नाही." मी आईकडे बघितलं. तिनं मान खाली घातली होती. तिला माहीत होतं, कारण तिचं पोटातच गेलेलं मूल दर वर्षी एका रविवारी असंच यायचं. मी सात वर्षांची असताना अंधाराला घाबरून गादी ओली केली, तेही आलं होतं, 'प्रकाश' या विषयावर, आणि सगळी मंडळी प्रेमानं हसली होती. आपल्या घरात घडलेलं काही घरात राहिलंच नाही. पण तुझं इतकं मोठं सांगतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. सुई, औषधाचं नाव, तू काय म्हणून रडलास ते. 'माझा मुलगा' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. तू भिंतीकडच्या टोकाला बसला होतास आणि तुझे कान लाल झाले होते. बाकी तुझं काही हललं नाही.

त्याच संध्याकाळी शेडमधल्या तीन पोरांनी बाबांच्या पायाशी सुया आणून ठेवल्या. त्यातला एक तो वेल्डर. तो अजून सांगतो, साहेबांनी त्या दिवशी माझा जीव वाचवला. ते खरं आहे, दादा. मी त्याच्या मुलांना बघते तेव्हा मला ते नाकारता येत नाही. तीन पोरं वाचली. कॉलेजात तुला सगळे 'फुगा' म्हणायला लागले आणि महिन्याभरात तू बॅग भरलीस. बाबा म्हणाले, "मी त्याची बदनामी केली नाही. लोकांना त्याच्याबद्दल किती कळवळा वाटला ते बघ." ते त्यांना मनापासून पटलेलं होतं. त्यांचं हेच कठीण होतं, त्यांच्यात लबाडी नव्हती.

तेव्हा माझ्या लहान असण्याचं कारण सांगू नकोस. मी तुझ्या बाजूनं होते. कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही.

पुढच्या खोलीत तुझा फोटो आहे, शाळेतला, बक्षीस घेतानाचा. बाबा पलंगावरून त्याच्याकडे बघतात आणि डाव्या हातानं दाखवतात. काहीतरी म्हणायचं असतं. कधी 'खुर्ची' येतं, कधी 'परीक्षा'. मग चिडतात आणि उशी फेकतात. उशी मी उचलते.

चिंगी

७ जून

दादा,

बाबा काल दुपारी गेले. आई आत आडवी झाली होती, मी जवळ होते.

तुझा फोन लागला नाही. वेल्डरचा भाऊ तिकडे येतोय, त्याच्या हाती हे देतेय, तो तुझ्या ऑफिसात आणून देईल. परवा सकाळी दहाला चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन.

या वेळी ये म्हणतेय. आईसाठी. मी तुला न्यायला स्टँडवर येईन.

चिंगी

२ जुलै

दादा,

तू गेल्यापासून लिहायला बसतेय आणि उठतेय. आज दुकान बंद आहे, तेव्हा लिहूनच टाकते.

तू आलास ते चांगलं केलंस. आईनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि 'बारीक झालास' म्हणाली. बारीक तू अजिबात झालेला नाहीस, पण ते असो. घरापासून चर्चपर्यंत पेटी खांद्यावर घेतलीस. पेटी इतकी हलकी होती की मागचा माणूस म्हणाला, जरा हळू. ते सगळं मी बघितलं आणि मला बरं वाटलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की घरात माझ्याशिवाय अजून एक माणूस आहे.

मग त्या वडीलधाऱ्या शिंपीकाकांनी विचारलं, मुलगा दोन शब्द बोलेल का? मंडळीचा कारभार तेच बघतात, त्यांना नाही म्हणणं कठीण. मला वाटलं तू नको म्हणशील. तू उठलास. कोटाचं बटण लावलंस. तुझं कामच ते, भरलेल्या हॉलमध्ये उभं राहून सेल्समनना बोलायला शिकवणं. मला वाटलं, तरफेचं सांगशील, किंवा दंडाला लोंबकळायची मुलं. तू पाच मिनिटं तेच सांगितलंस. मग थांबलास. ते थांबणं मला पाठ आहे.

"माझ्या बहिणीनं मला एक पत्र लिहिलं," तू म्हणालास.

पत्र तू खिशातून काढलं नाहीस, तोंडानंच सांगितलंस. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस. बाथरूमचं दार, आतून हाका, ओट्याशी उभी असलेली थकलेली मुलगी. भात तिच्या हातून सांडला, असं म्हणालास. ती ताटात रडली, असं म्हणालास. दादा, भात सांडला नव्हता. मी रडले नव्हते. मी पोटभर जेवले आणि ताट विसळून ठेवलं, हे मी तुला लिहिलं होतं. तेवढंच नेमकं तू गाळलंस. मग आवाज खाली आणून म्हणालास, की दार उघडल्यावर त्या बापाच्या डोळ्यांत क्षमा होती. तिथे तू नव्हतास. डोळ्यांत काय होतं ते मी बघितलंय आणि मी तुला लिहिलंय.

सगळी मंडळी रडली. पुढच्या बाकावर मी आणि आई. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग दुसरा हात, मग मला वाटतं सगळ्यांनीच ठेवले. दफनानंतर माणसं रांगेनं येऊन मला मिठ्या मारून गेली. गाणाऱ्यांतली ती उंच बाई म्हणाली, "देवानं तुला कधीच माफ केलं गं." मी कुणाकडे माफी मागितली नव्हती. त्या एका दिवसात मला जेवढ्यांनी क्षमा केली तेवढ्यांनी पाच महिन्यांत चादर बदलायला हात लावला असता, तर तो भात मी बसून खाल्ला असता.

वेल्डर डोळे पुसत माझ्याकडे आला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तो सोन्यासारखा माणूस आहे. तो म्हणाला, "ताई, साहेबच उभे आहेत असं वाटलं. तोच हात, तोच आवाज." त्याच्या दृष्टीनं याहून मोठं कौतुक नाही. तू लांबून हसलास, म्हणजे तू ऐकलंस.

स्टँडवर मी तुला विचारलं. तुला वाटलं असेल की राग शांत झाल्यावर मी विसरेन, म्हणून तू काय बोललास ते इथे लिहूनच ठेवते.

मी म्हटलं, "ते तुला एकट्याला लिहिलं होतं."

तू म्हणालास, "मी तुझी बदनामी नाही केली, चिंगे. लोकांना तुझ्याबद्दल किती वाटलं ते बघितलंस ना? तीन बायका येऊन मला म्हणाल्या, आमच्याही घरी असंच आजारपण आहे, आज हलकं वाटलं."

मी म्हटलं, "हे वाक्य तू आधी कुणाच्या तोंडून ऐकलंयस?"

तू मोबाईल बघितलास आणि म्हणालास, गाडी लागली.

तीन बायकांना हलकं वाटलं हे खरं असेल. नसेल असं मी म्हणत नाही.

घरी आल्यावर आईनं चपला काढल्या, तोंड धुतलं, आणि स्टुलावर बसून मला विचारलं, "किती वेळ ठेवलंस त्यांना?"

"जेवून होईपर्यंत."

"साबण डोळ्यात होता?"

"होता."

तिनं पायांना लागलेली कबरस्तानातली माती पुसली. ओरडली असती तरी चाललं असतं. मग म्हणाली, "माझ्या त्या मुलाचं मी वर्षानुवर्षं ऐकलं. प्रत्येक वेळी वाटायचं, उठून जावं."

"मग गेली का नाहीस?"

"तू मांडीवर असायचीस. मग शेजारी असायचीस." मग तिनं विचारलं, "आज तू का नाही गेलीस?"

मी म्हटलं, "तू शेजारी होतीस म्हणून."

त्यावर आम्ही दोघी हसलो, दादा. बाबांना पुरून आलो होतो आणि हसलो. हे कुठे सांगायचं झालं तर विषय काय ठेवशील, ते तूच ठरव.

चिंगी

२६ जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं. 'सॉरी' हा शब्द आहे त्यात, पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीपासून तू कामाचं लिहिलंयस.

तेव्हा कामाचंच. शेडला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय आणि त्या दिवशी मुख्य भाषण तुझं, हे मला शिंपीकाकांनी तुझ्या आधी सांगितलं. नवा पाळक नाराज आहे असं ऐकते. गिटार कुठवर पुरणार.

पाटी रंगवणारा परवा घरी आला होता. मजकूर काकांनी दिलेला: आदर्श शिक्षक, शरीरसौष्ठवपटू, पाळक, कुटुंबवत्सल पिता. तो म्हणाला, एवढं एका ओळीत मावत नाही, एक शब्द काढावा लागेल, कुठला काढू? मी म्हटलं, शेवटचे दोन काढ. आई आतून बाहेर आली. म्हणाली, "तो शब्द राहू दे. खोटा नाही तो. माया होतीच त्यांना, नुसती घरात मावत नव्हती." पाटीवाल्यानं अक्षरं बारीक करायचं कबूल केलं.

आई म्हणते ते मलाही माहीत आहे. मला तापात खांद्यावर घेऊन ते रात्रभर येरझाऱ्या घालायचे. आईचा सकाळचा चहा लग्नापासून त्यांनीच केला, एक दिवस चुकवला नाही. जगातल्या कुठल्याही बापानं केलं नसेल इतकं केलं आणि मग ते व्यासपीठावर जाऊन वाटून टाकलं. मी त्यांच्यावर रागावलेय आणि सकाळी उठून चहा करताना मला रडू येतं. एवढं तुला भाषणात चालेल. घे. पण हे शेवटचं.

तू विचारलंयस, शेवटच्या दिवसाचं काही आठवतंय का, काही बोलले का, एखादी खूण, काहीही. 'लोकांना शेवट हवा असतो,' असं लिहिलंयस. आणि त्याच्याखाली एक शब्द लिहून खोडलायस, 'मलाही.' ते खोडलेलं मी उजेडात धरून वाचलं. माझं कामच आहे ते, बारीक बघणं.

मी सगळ्यांना सांगितलं की ते झोपेत गेले. तू आलास तेव्हा तुलाही तेच सांगितलं. झोपेत गेले नाहीत.

मी त्यांची नखं कापत होते. त्यांनी माझं मनगट धरलं, हळू, आणि बोलायला लागले. प्रार्थना नव्हती आणि भलतेसलते शब्दही नव्हते. अडखळत, पण कुणालाही समजेल असं. तुझं नाव घेतलं. मग त्या रविवारबद्दल बोलले. मला वाटतं, पाच महिने ते हेच जुळवत होते. बोलून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिले, समजलं का म्हणून. मी हो म्हटलं. मग मान उशीवर टाकली आणि श्वास लांबत गेला. आईला उठवायला मी आत गेले तेवढ्यात संपलं.

काय बोलले ते मी आईलाही सांगितलेलं नाही आणि तुला सांगणार नाही. तुला जे हवं होतं ते त्यात होतं की नव्हतं, तेही नाही. स्टँडवर तुला गाडीत बसवायच्या आधी सांगायचं मी ठरवलं होतं, म्हणून तर तुला सोडायला आले. पण तू आधी भाषण केलंस.

कधीतरी सांगेन असंही समजू नकोस. मी विचार करून बघितला. सांगितलं तर तू आधी एकटा बसून रडशील, ते मला माहीत आहे, आणि ते रडणं खरं असेल. मग एका रविवारी तू कुठेतरी उभा राहशील, थांबशील, आणि म्हणशील, माझे वडील शेवटी म्हणाले. आणि लोकांना फार बरं वाटेल. आपल्या घरात एवढी एकच गोष्ट घडली आणि घरात राहिली. ती मी बाहेर जाऊ देणार नाही.

भाषणाला आई येणार नाही. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठेवलंय, मुद्दाम नाही, डॉक्टरनं तीच तारीख दिली. मी तिच्याजवळ असेन. शेडची किल्ली वेल्डरकडे आहे.

यापुढे पत्र नको. आईला फोन करत जा, दुपारी चारनंतर. 'बरं' म्हणून ठेवू नकोस, तिला बोलू दे. ती हल्ली बोलायला लागलीय.

चिंगी